फुगे वाचून झाले, आता चित्रं वाचा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अलीकडे वाचलेल्या ग्राफिक नॉव्हेल्सबद्दल, म्हणजे चित्रांतून सांगितलेल्या कादंबऱ्यांबद्दल, आणि कुमारवयीनांच्या कादंबऱ्यांबद्दल काय वाटलं, काय अडलं, ते कळवा, असं आवाहन आम्ही वाचकांना केलं होतं. आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत.

लेकीच्या मैत्रिणींमध्ये फिरत असलेलं 'लाँग वे डाउन' हे ग्राफिक नॉव्हेल मी अर्ध्या तासात संपवलं. मग मूळ कादंबरी वाचली. ती कितीतरी जास्त भिडली. ग्राफिक नॉव्हेल म्हणजे मूळ पुस्तकाची सोपी आवृत्ती, असंच समजायचं ना? – एक वाचक, नाशिक

नाही. अर्ध्या तासात पुस्तक संपलं, याचा अर्थ तुम्ही संवादाचे फुगे वाचलेत, चित्रं वाचायची राहिली. बहुतेक मोठ्या माणसांचं असं होतं, कारण आपली नजर अक्षर दिसलं की तिकडे धावते आणि अक्षर संपलं की पान उलटते.

जेसन रेनॉल्ड्स यांची मूळ कादंबरी 2017 ची, मुक्तछंदात लिहिलेली. पंधरा वर्षांच्या विलच्या थोरल्या भावाला गोळी घालून मारलं आहे. वस्तीचे नियम ठरलेले: रडायचं नाही, चुगली करायची नाही, सूड घ्यायचा. विल भावाचं पिस्तूल कमरेला खोचून लिफ्टमध्ये शिरतो. तळमजल्यावर पोहोचायला लागतात साठ सेकंद, आणि वाटेत मजल्यामजल्यावर बंदुकीनं मेलेलं ओळखीचं कोणीतरी आत येत राहतं. या साठ सेकंदांचं पुस्तक होतं ते ओळी तोडण्याच्या पद्धतीमुळे. काही पानांवर मोजके शब्द आणि बाकी सगळी कोरी जागा. ती कोरी जागा वाचकाला थांबवते.

डॅनिका नोव्हगोरोडॉफ यांनी 2020 मध्ये त्याचं चित्ररूप केलं, तेव्हा थांबवण्याचं ते काम जलरंगांकडे आलं. लिफ्टमध्ये साठत जाणारा धूर, कागदावर ओघळलेले डाग, चेहऱ्याची पुसट होत जाणारी कड, यांत वेळ ताणला जातो. या पुस्तकाला 2022 मध्ये ब्रिटनचं केट ग्रीनअवे पदक मिळालं. ते चित्रांसाठी दिलं जातं, आणि रेमंड ब्रिग्ज यांच्या 1973 मधल्या 'फादर ख्रिसमस'नंतर ते मिळवणारं हे पहिलंच ग्राफिक नॉव्हेल.

असं करून पाहा. कोणताही एक प्रसंग निवडा, दहाबारा पानांचा. फुगे वाचू नका. प्रत्येक पानावर तीन गोष्टी तपासा: कोणती चौकट सर्वांत मोठी आहे, माणसं कुणाकडे बघताहेत, आणि दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत काय घडून गेलं आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एका चौकटीत हात पिस्तुलाकडे जातो, पुढच्या चौकटीत फक्त लिफ्टचं बटण दिसतं, तर मधलं सगळं वाचकानं रचायचं असतं. यानंतर फुग्यांसकट तोच प्रसंग पुन्हा वाचा.

एक मात्र मान्य करायला हवं. मूळ पुस्तकात अक्षरांची उलटापालट करून रचलेल्या छोट्या कविता आहेत, त्यांची मजा अक्षरांतच आहे. शिवाय कवितेत मेलेल्या माणसांचे चेहरे वाचक स्वतः घडवतो, चित्रात ते ठरून जातात. म्हणून दोन्ही वाचायची असतील तर आधी कविता घ्यावी, नंतर चित्रं. तुम्ही उलट क्रमानं वाचूनही कविता भिडली, यात तिची ताकद दिसते.

'भीमायन' हातात घेतलं आणि गोंधळलो. चौकटीच नाहीत! कुठून सुरू करायचं, कुठे जायचं कळत नाही. चित्रं सुंदर आहेत, पण गोष्ट वाचताना दमायला होतं. – एक निवृत्त शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

तुमचा गोंधळ रास्त आहे. 'भीमायन' ही बाबासाहेब आंबेडकरांची चित्रकथा, आणि तिच्या चित्रकारांनी चौकटी जाणूनबुजून टाळल्या आहेत. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम हे परधान गोंड या आदिवासी समाजातले चित्रकार. आपली माणसं डब्यांत कोंडली की त्यांचा श्वास कोंडतो, आपली कला खुली आहे, अशी त्यांची भूमिका पुस्तकाच्या शेवटी दिलेली आहे. अस्पृश्यतेची गोष्ट सांगताना माणसांना चौकटीत न कोंडण्याचा हा निर्णय आम्हाला फार मोलाचा वाटतो. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, प्रकाशन 2011 मधलं, नवयानचं.

वाचायचं कसं ते आता पाहू. पानावर वळणावळणाच्या नक्षीदार पट्ट्या दिसतील. ती 'दिग्ना'. परधान गोंडांच्या घरांत भिंतींवर आणि जमिनीवर काढतात ती नक्षी. इथे ती पान विभागते. म्हणजे चौकट नाही, पण कुंपण आहे, आणि त्याला वाटा आहेत. डावीकडे वरून सुरुवात करा, दिग्नाच्या कडेकडेनं नजर जाऊ द्या. एका भागातून दुसऱ्यात कुठे शिरायचं ते बहुतेक वेळा माणसांच्या बोटांवरून, नजरेवरून किंवा एखाद्या प्राण्याच्या मानेच्या वळणावरून कळतं.

दुसरी किल्ली फुग्यांमध्ये आहे, आणि ती एकदा हाती आली की दमणूक निम्मी होते. सौम्य बोलणाऱ्याचा, किंवा ज्याच्यावर अन्याय होतोय त्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराच्या फुग्यात डोळा, कारण तो मनाचा डोळा. पहिल्यांदा पान उघडलं की शब्द वाचण्याआधी फक्त नांग्या शोधा. भांडण कुठे आहे, कोण कुणाला डसतंय, हे आधीच दिसेल. काही फुगे बोलता बोलता रूप बदलतात का, तेही पाहण्यासारखं.

तिसरी गोष्ट, वस्तूंना प्राण्यांची अंगं आहेत. रेल्वे सापासारखी सरपटते, पाण्याच्या पंपाचा दांडा हत्तीची सोंड होतो. गोंड चित्रपरंपरेत झाड, प्राणी आणि माणूस यांच्यात आपल्यासारख्या भिंती नाहीत. त्यामुळे ही चित्रं निव्वळ सजावट समजून ओलांडू नका. पाणी नाकारलं जातं तिथे पानावर पाण्यातले जीव का आहेत, असा प्रश्न विचारा. उत्तर पानावरच असतं.

पुस्तकाचे तीन भाग आहेत: पाणी, निवारा, प्रवास. आधार आहे बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांचा. 1901 मध्ये लहानगा भीम भावंडांबरोबर साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघाला, तो प्रवास त्यात आहे. बडोद्याची पारशी खानावळ आहे, चाळीसगावचा टांगा आहे. आणि तुमच्या घरापासून अगदी जवळचा दौलताबादचा किल्लाही आहे, जिथे 1934 मध्ये हौदावर हातपाय धुतल्यावरून बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अडवण्यात आलं. मूळ टिपणांचं ते प्रकरण दोनेक पानांचं आहे. आधी ते वाचा, मग चित्रातली पानं समोर घ्या. काय गाळलं, काय मोठं केलं, हे ताडून बघणं हाच या पुस्तकाचा खरा पाठ. जुन्या विद्यार्थ्यांबरोबर बसून करण्याजोगा आहे.

हे आवडलं तर पुढे दोन पुस्तकं. अपराजिता निनान यांनी चित्रित केलेलं, श्रीविद्या नटराजन यांनीच लिहिलेलं 'अ गार्डनर इन द वेस्टलँड'. त्याचा पाया जोतीरावांची 1873 मधली 'गुलामगिरी'. आणि ओरिजित सेन यांचं 1994 मधलं 'रिव्हर ऑफ स्टोरीज', नर्मदा खोऱ्यातल्या धरणाच्या संघर्षावरचं, 2022 मध्ये पुन्हा छापलेलं. त्यात मालगू गायन या गायकानं सांगितलेली उत्पत्तिकथा आणि शहरातून आलेल्या पत्रकाराची गोष्ट एकमेकींत गुंफलेली आहे. भारतीय ग्राफिक नॉव्हेलचा इतिहास इथून सुरू होतो असं अनेक जाणकार मानतात. नंदुरबारच्या बुडीत गावांमुळे ते आपल्या वाचकांना अधिक जवळचं वाटेल.

आमचा तेरा वर्षांचा मुलगा मराठी समजतो, बोलत नाही. त्यानं 'द मॅजिक फिश' वाचून माझ्या हातात दिलं. मी ते ई-रीडरवर उतरवून वाचलं, पण गोष्ट सारखी तुटत होती. कुठला प्रसंग आत्ताचा, कुठला स्वप्नातला, समजेना. – एक आई, न्यू जर्सी

दोष तुमच्या वाचनाचा नाही, यंत्राचा आहे. ट्रंग ले न्गुयेन यांच्या 2020 मधल्या या पुस्तकात काळ आणि जागा रंगानं सांगितली आहे. वर्तमान तांबडा, आईच्या व्हिएतनाममधल्या आठवणी पिवळ्या, परीकथा निळ्या. एकाच पानावर तिन्ही येऊ शकतात, आणि त्यासाठी वेगळी सूचना दिलेली नसते. काळ्या-पांढऱ्या ई-इंक पडद्यावर तिन्ही राखाडी होतात, म्हणजे गोष्टीचं व्याकरणच गळून पडतं. हे पुस्तक कागदावर किंवा रंगीत टॅबलेटवरच वाचा. टॅबलेटवर एकेक चौकट मोठी करून दाखवण्याची सोय असते, ती बंद ठेवा. पूर्ण पान एका नजरेत दिसायला हवं, निदान दहा इंची पडदा हवा.

हाच नियम सगळीकडे लागू नाही. मार्जान सात्रापी यांचं 'पर्सेपोलिस' शुद्ध काळ्या-पांढऱ्यात आहे, ते ई-इंकवर चांगलं दिसतं.

तुमच्या मुलानं हे पुस्तक हातात दिलं, ते आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं आहे. त्यातला तिएन आईशी परीकथा वाचून बोलतो, कारण आईचं इंग्रजी तोकडं आणि त्याचं व्हिएतनामी तोकडं. आपल्याला मुलगे आवडतात हे तिला सांगायला त्याच्याकडे शब्द नाहीत. गोष्ट कोण सांगतंय त्याप्रमाणे परीकथेतल्या माणसांचे कपडे, घरं बदलतात, तेवढं मुलाबरोबर बसून शोधा. त्यानं इंग्रजीत बोलावं, तुम्ही मराठीत. पुस्तकातही तसंच चालतं. त्याला काही सांगायचं असेलच असं गृहीत धरू नका, आणि थेट विचारूही नका. मराठी बोलत नसल्याच्या दुखण्यासाठीही त्यानं ते दिलेलं असू शकतं.

शाळेच्या ग्रंथालयात ग्राफिक नॉव्हेल्सचं कपाट करायचं आहे. वयोगट कसा ठरवायचा? पुरस्कार पाहून पुस्तकं घेतली तर चालेल का? मागच्या खरेदीत एका पुस्तकावरून पालकांची तक्रार आली होती. – शालेय ग्रंथपाल, सातारा

पुरस्कार पाहून घ्या, पण तो पुरस्कार कुठल्या वयासाठी आहे हे आधी पाहा. याचं ठळक उदाहरण जिलियन आणि मारिको तामाकी यांचं 'धिस वन समर'. 2015 मध्ये त्याला अमेरिकेतला चित्रपुस्तकांसाठीचा कॅल्डेकॉट सन्मान मिळाला. कॅल्डेकॉट म्हणजे लहान मुलांची चित्रपुस्तकं, अशी सर्वांची समजूत. प्रत्यक्षात त्या पुरस्काराची वयोमर्यादा चौदापर्यंत आहे, आणि हे पुस्तक त्या वरच्या टोकाचं आहे. अमेरिकेत अनेक ठिकाणी ते लहानांच्या कपाटात गेलं, तक्रारी आल्या, आणि 2016 मध्ये तिथल्या ग्रंथालय संघटनेच्या सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर होतं. पुस्तक उत्तम आहे, कपाट चुकलं.

ढोबळ खूण अशी: न्यूबेरी हा अमेरिकेतला बालसाहित्याचा पुरस्कार मिळालेलं बहुधा दहा ते तेरा वयाला चालतं. जेरी क्राफ्ट यांचं 'न्यू किड' हे 2020 मध्ये न्यूबेरी मिळवणारं पहिलं ग्राफिक नॉव्हेल, ते पाचवी-सहावीपासून निर्धास्त द्या. प्रिंट्झ पुरस्कार बारा ते अठरासाठी असतो, त्यामुळे नववीपासून पुढे. जीन लुएन यांग यांचं 'अमेरिकन बॉर्न चायनीज' 2007 मध्ये प्रिंट्झ मिळवणारं पहिलं ग्राफिक नॉव्हेल. 2025 मध्ये तो सॅम्युएल टीअर आणि मार जुलिया यांच्या 'ब्राउनस्टोन'ला मिळाला. चौदा वर्षांची मुलगी कधीही न भेटलेल्या बापाबरोबर उन्हाळाभर जुनं घर दुरुस्त करते, दोघांची भाषा वेगळी. घरबांधणीचे तपशील त्यात गोष्टीला धरून येतात, मुलांना ते आवडतात.

वय ठरवताना लक्षात ठेवा की गद्यात एखादा मृत्यू मूल स्वतःच्या कुवतीनं कल्पतं, चित्रात तो एकदम समोर येतो. म्हणून तोच मजकूर चित्रात एक-दोन वर्षं मोठ्या वयाचा धरावा. खरेदीपूर्वी पहिली दहा पानं नव्हे, दोनतृतीयांशाच्या आसपासची वीस पानं पाहा. कथेचा कठीण भाग साधारण तिथे असतो. तक्रार आलीच तर पालकाला पूर्ण पुस्तक वाचायला द्या, एकटं पान दाखवून चर्चा करू नका. सुटं चित्र नेहमीच जास्त भडक दिसतं. आणि कुमारांच्या कादंबऱ्यांत दुःख फार असतं म्हणून त्या कपाटातून बाद करू नका. त्या वयाच्या मुलांना घरातलं, वर्गातलं दुःख दिसतच असतं, त्याबद्दल बोलणारं कोणी नसतं.

आता कपाटाच्या खऱ्या अडचणी. ड्युई वर्गीकरणात चित्रकथांचा क्रमांक 741.5. सगळं तिथे टाकलं तर 'भीमायन' बाबासाहेबांच्या चरित्रांपासून लांब जातं, म्हणून दुसरी नोंद चरित्रातही करा. आपल्याकडे ठरावीक गुप्त पानावर ग्रंथालयाचा शिक्का मारतात. या पुस्तकांत ते पान म्हणजे चित्र असतं, तेव्हा शिक्का समासात मारा, शाई कमी घ्या. तारखेची पट्टी आतल्या आवरणपानावर चिकटवण्याआधी तिथे नकाशा किंवा गोष्टीचं चित्र नाही ना ते पाहा. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, उजवीकडून डावीकडे वाचतात. आपल्याला जे पहिलं पान वाटतं ते शेवटचं असतं, आणि शिक्का नेमका अखेरच्या प्रसंगावर बसतो. मालिका घेताना सलग भाग घ्या. दुसरा भाग नसेल तर पहिला वाचलेलं मूल परत येत नाही.

पावसाळ्यात चकचकीत आर्ट पेपर ओला झाला तर पुस्तक मिटून वाळवू नका, पानं एकमेकांना कायमची चिकटतात. ओलं असतानाच पानं हलकेच सोडवा, मध्ये टिपकागद घाला, पंख्याखाली उभं ठेवा. ऊन नको.

आम्ही कला महाविद्यालयातल्या चौघी सोळा पानांचं मराठी ग्राफिक नॉव्हेल काढतो आहोत. चित्रं जमली आहेत, पण मजकूर घातला की पान बिघडतं. फुग्यात अक्षरं मावत नाहीत. – कोल्हापूर

क्रम उलटा झाला आहे. फुगे आधी काढून त्यांत मजकूर भरू नका. मजकूर आधी बसवा, फुगा त्याच्याभोवती काढा, आणि उरलेल्या जागेत चित्र रचा. इंग्रजी कॉमिक्समध्ये अक्षरं सगळी मोठ्या लिपीतली, एका उंचीची असतात, ओळी जवळजवळ बसतात. तिथले फुग्यांचे आकार आपण नकलतो आणि फसतो. देवनागरीत शिरोरेषेवर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, खाली उकार. अक्षर 10 पॉइंट घेतलं तर ओळींमधलं अंतर 13 ते 14 पॉइंट हवं, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. एका फुग्यात वीसपेक्षा जास्त शब्द नकोत, पानावर शंभर-सव्वाशेच्या वर जाऊ नका. ओळ अर्थ पाहून तोडा. 'करण्यासाठी'चे दोन तुकडे करू नका, त्यापेक्षा वाक्य बदला.

फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर येते आहे का? परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला नाही, हे त्याचं नेहमीचं कारण. टंक युनिकोडचाच घ्या. संवादाला हाताच्या वळणाचा 'कलम' चालेल, 'धाड्', 'फाट्'सारख्या आवाजांना 'एक टाइप' या टंकसंस्थेचा जाडजूड 'मोदक'. खरं सांगायचं तर आवाज हातानं काढलेलेच चांगले, ते चित्राचा भाग होतात.

छपाईसाठी ए5 आकार धरा, मूळ चित्र ए4 वर काढा. ते सुमारे 71 टक्क्यांवर येतं, म्हणजे 0.3 मिलिमीटरची रेघ 0.2 होते. त्याहून बारीक रेघांची जाळी केली तर डिजिटल छपाईत तुटते किंवा बुजते. आर्ट स्पीगलमन यांनी 'माउस' या ग्राफिक नॉव्हेलची पानं छापायच्या आकारातच काढली होती, त्यामुळे रेषेत वहीतल्या लिखाणाचा जवळिकीचा भाव राहिला. तुमच्या गोष्टीला तो हवा असेल तर तसंही करा, पण चौघींनी एकच पद्धत ठेवा. रेखाचित्रं 600 डीपीआयवर स्कॅन करा, कडेनं 3 मिलिमीटर जास्तीची जागा सोडा, मजकूर कापायच्या रेषेपासून 8 मिलिमीटर आत ठेवा. अक्षरं फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के. चार रंग मिसळून काळं केलंत तर छपाई केसभर सरकली तरी मात्रांना रंगीत सावल्या येतात.

धक्का देणारा प्रसंग सम क्रमांकाच्या पानावर आणा. ते पान डावीकडे येतं, उलटल्याशिवाय दिसत नाही. विषम पानावर ठेवलात तर समोरचं पान वाचतानाच नजर तिथे जाऊन येते. सोळा पानं चारनं भागली जातात, त्यामुळे मधोमध पिना मारून बांधणी होईल. आठवं आणि नववं पान एकाच सलग कागदावर येतं, जोडचित्र करायचं तर तिथेच करा. बाकी जोडपानांत दोन वेगळे कागद शेजारी येतात आणि चेहऱ्याच्या दोन अर्ध्या भागांची रेघ जुळत नाही. सगळी पानं रंगवायच्या आधी एकच पान खऱ्या आकारात छापून घ्या आणि गोष्ट माहीत नसलेल्या कुणालातरी वाचायला द्या. फुगे कुठल्या क्रमानं वाचले ते त्यांना बोटानं दाखवायला सांगा. बोट चुकलं तिथला फुगा हलवा, बाण काढू नका.